वेळ खाणारा कर्मचारी: बसवून बोलायचं, जागा बदलायची, मुदत द्यायची की मोकळं करायचं?

भोसरी, अंबड किंवा चाकणच्या पन्नास-साठ माणसांच्या मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन मॅनेजरचा दिवस बहुतेक वेळा दोन-तीन माणसंच खातात. बाकीचे येतात, काम करतात, पंच करून जातात. एका माणसामागे रोज पाऊण तास गेला तर 25 दिवसांच्या महिन्यात जवळपास 19 तास होतात, म्हणजे दोन पाळ्यांहून जास्त. यावर मार्ग चार आहेत. कोणता घ्यायचा हे तो माणूस किती डोक्यात जातो यावर ठरवलं की हमखास चुकतं. वेळ नक्की कशात जातो ते बघून ठरवावं.

त्यासाठी दोन आठवडे खिशातल्या डायरीत फक्त तीन गोष्टी टिपा: किती मिनिटं गेली, विषय काय होता, आणि तो 'प्रश्न', 'भांडण' की 'राहिलेलं काम' यापैकी कशात मोडतो. त्रास गेल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू झाला असेल तर आधी घरची आणि तब्येतीची चौकशी करा. माणूस ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल (महिन्याचा पगार 21,000 पर्यंत) तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो. कित्येकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं आणि ते अर्धवट बरे होऊन कामावर येत राहतात.

ठरलेली बैठक

डायरीत 'प्रश्न' जास्त निघाले तर हाच मार्ग, आणि चारांत सगळ्यात स्वस्तही हाच. 'साहेब, दोन मिनिटं' म्हणत दिवसातून दहा वेळा येणारा ऑपरेटर बहुधा आळशी नसतो. कधीतरी स्वतः निर्णय घेतला आणि चारचौघांत बोलणी खाल्ली, तेव्हापासून तो विचारल्याशिवाय हात लावत नाही. त्याला आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी 20 मिनिटं द्या. येताना वहीत प्रश्न आणि त्यापुढे त्याला स्वतःला सुचलेलं उत्तर लिहून आणायला सांगा. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या प्रश्नावर चर्चा नाही.

पण नुसत्या बैठकीने काही होत नाही, सोबत अधिकाराची हद्द आखून द्यावी लागते. टूल ऑफसेट (मशीनवर भरायची हत्याराच्या मापाची दुरुस्ती) 0.02 मिमीपर्यंत स्वतः बदल, त्यापुढे विचार. इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजला तर बदलून रजिस्टरला नोंद कर, परवानगी नको. आकडे तुमच्या जॉबच्या टॉलरन्सप्रमाणे (मापात चालणाऱ्या फरकाप्रमाणे) ठरतील, पण ते मशीनवर चिकटवलेले हवेत. मधल्या वेळी धाव घेण्याची सूट फक्त तीन कारणांना: मशीन बंद, अपघात, ग्राहकाकडून रिजेक्शन. हा मार्ग फसतो तो मॅनेजरमुळेच. तिसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्याने विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत, की वही संपली. फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात.

भांडखोर माणसाला मात्र ही बैठक देऊ नका. त्याला हक्काची तक्रार-खिडकी मिळते आणि 20 मिनिटांचा तास होतो.

जागा बदलणं

हा मार्ग मॅनेजर लोकांना फार आवडतो, कारण माणूस नजरेआड होतो. हात चांगला पण चार माणसांत जमत नाही, अशा कारागिरालाच तो लागू पडतो. लाइन लीडर म्हणून रोज कटकट करणारा माणूस टूल रूममध्ये, प्रोग्रामिंगवर किंवा गेज कॅलिब्रेशनवर (मोजमापाची साधनं तपासण्यावर) निवांत काम करताना दिसतो.

बदलीआधी भांडणाचं मूळ तपासा. पहिल्या पाळीने रीवर्कचे (दुरुस्तीला काढलेले) नग टॅग न लावता चांगल्या नगांच्या क्रेटमध्ये ठेवले आणि दुसऱ्या पाळीच्या नावावर रिजेक्शन पडलं, तर तिथे कोणीही माणूस भांडेल. लाल क्रेट आणि दोन्ही पाळ्यांच्या सहीचं हँडओव्हर रजिस्टर सुरू करून महिनाभर थांबा. त्यानंतरही उरतं ते भांडण माणसाचं.

काम टाळणाऱ्याची बदली म्हणजे दुखणं शेजारच्या खात्याला देणं. सहा महिन्यांत तो परत येतो, आणि तोवर त्या खात्याच्या मॅनेजरशीही तुमचं बिनसलेलं असतं. शिवाय बदलीबरोबर कामगाराचं वेतन किंवा कामाचे तास बदलणार असतील तर कायद्यानुसार 21 दिवस आधी नोटीस लागू शकते.

लेखी मुदत

'राहिलेलं काम' जास्त असेल आणि ते मोजता येत असेल तर 60 दिवसांची लेखी मुदत द्या. उद्दिष्टं तीनच ठेवा. 'वागणूक सुधारावी' हे उद्दिष्ट नव्हे. 'पाळी सुरू झाल्यापासून 15 मिनिटांत पहिला नग तपासणीला', 'महिन्यात दोनपेक्षा जास्त बिनपरवाना गैरहजेरी नाही' असं लिहा. दर आठवड्याला अर्धा तास आढावा आणि दोघांच्या सह्या. सुरुवातीला वेळ कमी होत नाही, उलट वाढतो. तयारी आणि आढावे धरून दोन महिन्यांत दहाएक तास बाजूला काढावे लागतात. ते निघणार नसतील तर मुदत देऊच नका. आढावे न झालेली मुदत पुढे तुमच्याच विरुद्ध कागद ठरते.

घालवायचं आधीच ठरवून देखाव्यापुरती दिलेली मुदत सगळ्या शॉपला कळते. मग चांगले ऑपरेटरही दुसरीकडे अर्ज टाकू लागतात.

मोकळं करणं

यात दोन वाटा आहेत: समजुतीने राजीनामा, किंवा गैरवर्तनाची खातेनिहाय चौकशी. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत, म्हणून जुन्या फायलीतला नमुना उचलू नका. पदनाम 'ऑफिसर' छापलं म्हणून माणूस कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येबाहेर, म्हणजे त्या संरक्षणाबाहेर, जात नाही, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. पर्यवेक्षकाचं काम करणारा 18,000 पेक्षा जास्त वेतन घेत असेल तर तो बाहेर. मशीन चालवणारा कितीही पगारावर असो, कामगारच.

समजुतीच्या वाटेचा खर्च आधी मांडा. शेवटचं वेतन 26,000 आणि सेवा 8 वर्षं असेल तर ग्रॅच्युइटी 15/26 च्या सूत्राने (वेतन × 15/26 × सेवेची वर्षं) 1,20,000 रुपये. वरून शिल्लक रजा आणि ठरेल ती रक्कम. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात धरावा लागतो, म्हणून नुसत्या बेसिकवर केलेला हिशोब कमी भरतो. थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं असतं. केबिनमध्ये बसवून तिथल्या तिथे राजीनामा लिहून घेऊ नका, 'जबरदस्तीने घेतला' म्हणून तोच वादात जातो. विचाराला दोन दिवस द्या.

चौकशी चोरी, मारामारी, खोट्या नोंदी अशा ठोस प्रकारांतच करावी. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा हवी. चौकशी करणारा माणूस त्या घटनेचा साक्षीदार नको. छोट्या कारखान्यात नेमकं इथेच घोडं अडतं, म्हणून बाहेरचा वकील नेमतात. साक्षीदारांची उलटतपासणी होऊ द्यावी, अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी आणि त्याचं म्हणणं ऐकूनच शिक्षा ठरवावी. निलंबित केलं तर पहिले 90 दिवस 50 टक्के निर्वाह भत्ता, पुढे विलंब त्याच्यामुळे नसेल तर 75 टक्के. कामात केवळ ढिला असलेल्या माणसावर ही वाट धरली तर त्याच्यापेक्षा जास्त वेळ चौकशीच खाते. त्यात गेल्या तीन वर्षांच्या मूल्यांकनात तुम्हीच त्याला 'उत्तम' शेरा देऊन वेतनवाढ दिली असेल, तर समोरचा वकील सगळ्यात आधी तीच पत्रं मागतो.