प्री-वेडिंगच्या नावाखाली ६०,५०० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

आकडे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी 'किती गेले' म्हणून विचारायला नको. बुकिंगचे २१,०००, 'किल्ल्याची आणि ड्रोनची परवानगी' म्हणून १२,५००, शूटच्या दिवशी २०,००० आणि शेवटी 'हार्ड डिस्क उडाली, डेटा रिकव्हरी' म्हणून ७,०००. एकूण ६०,५००. बदल्यात आले व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून पाठवलेले ४३ फोटो.

धाकट्या बहिणीचं लग्न, शूट अलिबागला. मी इन्स्टावर एका फोटोग्राफरचं पेज बघितलं, फॉलोअर्स भरपूर, फोटो एकापेक्षा एक. लग्नघरात हॉल, केटरर, पत्रिका, सगळं एकट्याच्या डोक्यावर होतं. फोटोंची सत्यता तपासत बसायला कोणाला सवड असते?

तरी एक फोटो अजून डोक्यातून जात नाही. खाली लिहिलेलं 'सूर्योदय, अलिबाग', आणि जोडप्याच्या मागे समुद्रातून अर्धा वर आलेला सूर्य. मी फोनवर कौतुक केलं तर म्हणतो, "सकाळी साडेसहाची लाईट आहे दादा, कपलला पहाटेच उभं केलं होतं." अरे, आमचं आजोळ कोकणातलं! कोकणात सूर्य उगवतो डोंगरामागून आणि मावळतो समुद्रात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी हसून 'वा वा' म्हणालो. त्याच क्षणी फोन ठेवला असता तर एक रुपया गेला नसता. पण समोरचा इतकं गोड बोलत असताना कोण दिशा बघत बसतो? नंतर गूगल लेन्सवर टाकला, तर फोटो पुदुच्चेरीच्या कोणा फोटोग्राफरचा निघाला. तिथे समुद्र पूर्वेला.

शूटला हा स्वतः आलाच नाही, दोन पोरं पाठवली. तीही दुपारी साडेबाराला. बाहेरचं शूट सकाळी लवकर नाहीतर मावळतीला करतात, हे आता मला पाठ झालंय. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. रिफ्लेक्टर नाही, फ्लॅश नाही. शेजारी सुरूचं बन होतं, तिथल्या सावलीत उभं केलं असतं तरी निभावलं असतं. होणारे दाजी म्हणालेसुद्धा, "तिकडे सावलीत घेऊया का?" तर उत्तर, "एडिटिंगमध्ये काढतो सर." पांढरा गाऊन उन्हात इतका जळालाय की चुन्याचा पोचारा मारल्यासारखा दिसतो. जळालेल्या पांढऱ्यात तपशीलच उरत नाही, एडिटिंगमध्ये काढणार काय? आणि कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येतं, हे सुद्धा पोरांनी बघितलेलं नव्हतं. भरती होती. परवानगीचे १२,५०० पाण्यात. ड्रोन तर पेटीतूनसुद्धा निघाला नाही.

परवानगीचा कागद आधी मागा. कुलाबा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, खरी परवानगी असेल तर कागद असतोच.

आता आपली यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेब विचारतात, "शूट झालं ना? फोटो मिळाले ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे." चोरलेले फोटो दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? वर म्हणे, शूट दुसऱ्या जिल्ह्यात झालं, तिकडे जा. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी मोबाईलवर उघडून दाखवली. त्यांनी मोबाईल बाजूला सारला आणि चहा मागवला. बायको म्हणाली सोडून द्या, लग्नात विघ्न नको. का सोडायचं? तो पुढच्याला गाठणारच.

म्हणून निवडक फोटोंवर भाळू नका, एकाच लग्नाची सकाळपासून रात्रीपर्यंतची पूर्ण गॅलरी मागा. चोराकडे ती नसते. कॅमेरा कोण धरणार त्याचं नाव करारात लिहून घ्या. कॅमेऱ्याच्या कार्डची किंवा रॉ फाईल्सची (एडिट न केलेल्या मूळ फोटोंची) कॉपी त्याच दिवशी घ्या, म्हणजे 'हार्ड डिस्क उडाली' ऐकावं लागणार नाही. रिकव्हरीचे पैसे मागितले तर एक पैसा देऊ नका.

ग्राहक आयोगात अर्ज तयार केलाय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे त्याचा नुसता यूपीआय आयडी आहे. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी स्टुडिओच्या पत्त्यावर स्वतः जाऊन या.