परड्यातल्या अंड्याचा खरा भाव: 14 महिन्यांचा अनुभव

आमच्या परड्यातलं एक अंडं मला 15 रुपये 40 पैशांना पडलं. हे लिहिताना, जानेवारी 2025 मध्ये, चिपळूणच्या बाजारात पोल्ट्रीचं अंडं 7 रुपयांना मिळतंय आणि ओळखीच्या बाईकडून खात्रीचं गावठी घेतलं तर 15 रुपयांना. "घरच्या कोंबड्या असल्या की अंडी फुकट" असं मला बऱ्याच जणींनी ऐकवलं आहे, म्हणून आकडा आधी लिहिला. तरीही येत्या फेब्रुवारीत मी आणखी सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणणार आहे. त्यामागचा सगळा हिशेब आता सांगते.

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, आम्ही 12 तलंगा आणल्या, 180 रुपयांना एक. पिल्लं आणायची नाहीत हे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधीच बजावलं होतं. एक दिवसाचं पिल्लू स्वस्त मिळतं, पण पहिला आठवडा त्याला 95 अंश फॅरनहाइट ऊब द्यावी लागते, मग दर आठवड्याला ती पाच-पाच अंशांनी उतरवायची, रात्री उठून बल्ब बघायचा, शिवाय लसींचं वेळापत्रक. नवख्या माणसाने दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात, हे आज मीही सांगेन. जात ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती परसातल्या अंड्यांसाठी तयार केली आहे. त्यांचीच वनराज अंगाने भरते, पण अंडी कमी देते. आमच्या अस्सल गावठी कोंबडीने वर्षाला 50-60 अंडी दिली तरी पुष्कळ. पण ती स्वतः अंडी उबवते, पिल्लं सांभाळते आणि घारीची सावली दिसताच झुडपात शिरते. ग्रामप्रियाला ही उपजत हुशारी कमी आहे.

आणि याची किंमत आम्ही तिसऱ्याच आठवड्यात मोजली.

खुराडं आम्ही हौसेने बांधलं होतं. खाली दीड फूट चिरे, वर सागाच्या जुन्या पट्ट्या, पत्रा, आणि तिन्ही बाजूंना षटकोनी भोकांची ती नेहमीची कोंबडीजाळी. खर्च 5,400 रुपये. डिसेंबरातल्या एका रात्री दोनच्या सुमारास कलकलाट झाला. आम्ही बॅटरी घेऊन पोचेपर्यंत उदमांजराने कोपऱ्यातली जाळी खिळ्यांपासून उचकटून तीन कोंबड्या मारल्या होत्या. एक ओढत नेली, दोन तिथेच टाकल्या. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. तो दोन दिवस खुराड्याकडे फिरकला नाही. आई म्हणाल्या, "अगो, ही जाळी कोंबडी आत ठेवते. बाहेरच्याला कुठे अडवते ती?" खरं होतं ते. ती तार हाताने वाकते. मग अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची कडक चौकोनी जाळी, आणला, तो पट्ट्यांखाली दाबून बसवला, फूटभर जमिनीत पुरला, आणि दाराला दोन कड्या लावल्या. 4,300 रुपये लागले. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर जाळीचे पैसे दोनदा गेले नसते आणि तीन जीव वाचले असते. तुम्ही कोंबड्या पाळायचं ठरवत असाल आणि हाताशी ठरावीकच पैसे असतील, तर पक्षी निम्मे घ्या, पण जाळी चांगली घ्या. दिवसा मुंगूस येतो, त्याचा बंदोबस्त वेगळा. आम्ही दुपारी घरात कोणी असेल तेव्हाच कोंबड्या मोकळ्या सोडतो.

उरलेल्या नऊपैकी एक कोंबडा निघाला. विकणाऱ्याने सगळ्या माद्या म्हणून दिल्या होत्या, पण दहाव्या आठवड्यात काही वेळा ओळखू येत नाही हेही मान्य. कोंबडा मे महिन्यात राखणेला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, गेला. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो नसला तरी कोंबडी अंडी घालतेच. पिल्लं हवी असतील तरच ठेवावा.

लसीबद्दल थोडं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाडीत शिरली की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. तिची आर-टू-बी लस मिळते, पण कुपी शंभर डोसांची. एकदा पातळ केली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांसाठी शंभर डोस फोडणं जिवावर येतं, म्हणून बरेच जण लस टाळतात. आम्ही वाडीतल्या पाच घरांनी एक दिवस ठरवला. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर संध्याकाळी आले आणि साठेक कोंबड्यांना एका कुपीत लस झाली. अंडी सुरू होण्याआधी, जानेवारीतच, हे उरकून घेतलं.

पहिलं अंडं 22 फेब्रुवारीला मिळालं. लिंबाएवढं, फिकट तपकिरी, तुसात अर्धं रुतलेलं. मार्चमध्ये 128, एप्रिलमध्ये 150. आठ कोंबड्यांची 150, म्हणजे रोज पाच. मला वाटलं, गणित जमलं. मेच्या उकाड्यात 121 वर आली. कोंबड्या चोच उघडून धापा टाकत असायच्या. पाण्याचं भांडं सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदललं, तेव्हा जूनमध्ये पुन्हा 132 झाली.

जूनमध्येच मी एक चूक केली, ती सविस्तर सांगते. लेयर खाद्याचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचं, 50 किलोचं पोतं 1,850 रुपयांचं. कोंबडी दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास खाते. मोकळी फिरणारी आणि घरचं उष्टं-खरकटं मिळणारी असली तर 80 ग्रॅममध्ये भागतं. अंड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा या पोत्याचा. मला वाटलं, घरात कणी आहे, भात उरतो, पावसात किडे-गांडुळं भरपूर, मग पोतं कशाला? महिनाभर लेयर खाद्य जवळजवळ बंद केलं. जूनच्या शेवटी कवचं पातळ झाली, एक-दोन अंडी तर नुसत्या पापुद्र्यात आली. जुलैत 96 अंडी. आणि त्याच महिन्यात एक कोंबडी दोन दिवस शेपटी खाली टाकून कोपऱ्यात बसली आणि गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंडं आत अडकलं होतं, कॅल्शियम कमी पडलं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम आणि 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. तांदळात दोन्ही फारसं नाही. पोट भरतं, पण कवच कशाचं बनणार? ती हाडांतलं कॅल्शियम काढून देत राहते आणि मग थकते. माझे वाचले असतील 900 रुपये. त्या कोंबडीचं मला अजून वाईट वाटतं, कारण हे कोणालाही विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून लेयर खाद्य मोजून देते. शिवाय घरी तिसऱ्या (खायचे शिंपले) केल्या की त्यांच्या शिंपल्या धुऊन, तव्यावर भाजून, पाट्यावर भरड करून वेगळ्या वाटीत ठेवते. कोंबड्या लागेल तेवढंच उचलतात. शेवग्याचा पाला आणि मेथीघास रोज. धान्य फक्त संध्याकाळी मूठभर, आत बोलवण्यापुरतं.

कोकणातल्या पावसात कोंबडी पाळणं हा वेगळाच विषय आहे. खाली भाताच्या तुसाची चार बोटं गादी असते. ती ओली झाली की अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो आणि रोगराई तिथूनच सुरू होते. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली, पण पूर्ण बंद केलं नाही, वरून हवा खेळती ठेवली. दर दोन-तीन दिवसांनी तूस खालीवर करायचं, ओलं काढायचं, थोडा चुना भुरभुरायचा. काढलेलं तूस-विष्ठा खड्ड्यात कुजवून माडांच्या आळ्यात घातली. ताजी घातली तर झाडं करपतात, हा अनुभव वांग्यांनी दिला.

ऑगस्टमध्ये 88 अंडी मिळाली आणि घरात खाणारं कोणी नव्हतं. 5 ऑगस्टला श्रावण लागला, त्यानंतर लगेच गणपती. कोंबड्यांना श्रावण नसतो! हे पाळायच्या आधी मी अजिबात धरलं नव्हतं. न धुतलेल्या अंड्यावर नैसर्गिक पातळ थर असतो, त्यामुळे ती जास्त टिकतात. म्हणून आम्ही अंडी धूत नाही, डाग असेल तर कोरड्या फडक्याने पुसतो आणि धुतोच तर वापरायच्या वेळी. तरी किती साठवणार? मोहल्ल्यातल्या दोन ओळखीच्या घरांनी त्या दीड महिन्यात बरीच अंडी घेतली आणि अजूनही घेतात. आजवर 240 अंडी 12 रुपयांनी दिली.

सप्टेंबरात 104, ऑक्टोबरात 92, आणि मग नोव्हेंबरात पिसं झडायला लागली. खुराड्यात उशी फाटल्यासारखी पिसं. 58 अंडी, डिसेंबरात 49. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला 14 ते 16 तासांचा उजेड लागतो, आपल्याकडे डिसेंबरात दिवस 11 तासांचा. पोल्ट्रीत दिवे लावून ही कसर भरतात. आम्ही दिवा लावला नाही. नवी पिसं यायला प्रथिनं लागतात, तेवढा काळ त्यांना विसावा द्यावा असं माझं मत. पण हिशेबाच्या दृष्टीने हे दोन महिने तोट्याचे, कारण खाणं तेवढंच.

आता जमाखर्च. फेब्रुवारीतली 6 आणि या जानेवारीच्या पंधरवड्यातली 27 धरून एकूण 1,051 अंडी. खाद्य 10,500, औषध-लस 740, तूस 360, म्हणजे चालू खर्च 11,600. नुसता हाच धरला तर अंडं 11 रुपयांना. पक्ष्यांचे 2,160 मिळवले तर 13 रुपयांच्या थोडं वर. खुराडं, जाळी, भांडी मिळून 10,350 झाले. ते पाच वर्षं टिकेल असं धरून 14 महिन्यांचा वाटा लावला की 15 रुपये 40 पैसे. आणि सगळे पैसे याच 14 महिन्यांवर टाकले तर जवळजवळ 23 रुपये. माझी रोजची पाऊण तासाची मेहनत यात कुठेच नाही.

म्हणजे पोल्ट्रीच्या अंड्याशी तुलना केली तर हा सौदा तोट्याचा आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही तोट्याचाच राहील. आठवड्याला डझनभर अंडी लागणाऱ्या आणि 7 रुपयांच्या अंड्यावर समाधानी असलेल्या घराने या फंदात पडू नये. ज्या घरात आधीपासून 15 रुपयांचं गावठी अंडं येतं, त्यांच्यासाठी मात्र जमतं, तेही माणूस दिवसभर घरी असेल तर. आमच्याकडे आई असतात. त्यांच्याशिवाय मला नोकरी सांभाळून हे जमलं नसतं. दोन दिवस सगळ्यांनी गावाला जायचं म्हटलं तरी शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी लागते.

चवीबद्दल विचाराल तर अंडं ताजं असतं, पांढरा भाग तव्यावर पसरत नाही, बलक गर्द केशरी. हा रंग हिरव्या पाल्याचा आणि मक्याचा. तपकिरी कवच जातीमुळे येतं. तपकिरी म्हणजे जास्त पौष्टिक, असं सांगून जास्त पैसे घेणारे भेटतात, त्यात तथ्य नाही. मी माझी अंडी ताजी म्हणून देते, औषधी म्हणून नाही.

एक धोका घरगुती पाळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, त्यात परसातल्याही आल्या. म्हणून पाण्याचं भांडं कावळे-बगळे पोचणार नाहीत असं जाळीखाली ठेवते. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर ते कापायचे नाहीत, वाटायचे नाहीत, दवाखान्यात कळवायचं, हे वाडीत सगळ्यांनी ठरवून घेतलं आहे.

सात कोंबड्यांचं पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. दुसऱ्या वर्षी अंडी कमी होणार, खाणं कमी होणार नाही. आईंच्या मते गुढीपाडव्यानंतर एकेक कमी करावी, त्यांच्या माहेरी तसंच चालायचं. मुलगा ऐकायला तयार नाही. मी दोघांचं ऐकून घेतलं आहे: पिसं नीट आलेल्या पाच राहतील, ज्या दोघी डिसेंबरपासून एकही अंडं देत नाहीत त्यांच्याबद्दल मार्चअखेर बघू.

नव्या सहा तलंगांसाठी कोल्हापूरच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात चौकशी करणार आहे. आल्यावर तीन आठवडे त्या पडवीतल्या डालग्यात वेगळ्या राहतील, जुन्यांत लगेच मिसळणार नाही. लसीचा दिवस पाच घरांनी ठरवला आहे. आणि डिसेंबरअखेरपासून दिवस वाढतोय तशी खुराड्यात पुन्हा हालचाल दिसते: परवा दोन अंडी होती, काल तीन, आज सकाळी चार.