तानपुऱ्याच्या परीक्षेला बसलेले दोन स्पीकर

गेल्या श्रावणात जुन्या स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खालचे जाड स्वर काढणाऱ्या भागाची, कड पुसायला गेले आणि ती फडक्याला चिकटूनच आली. ओली खारी कुस्करावी तसा भुगा. त्यातल्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीची ती कड माझ्या जुन्या स्पीकरमध्ये फोमची होती आणि दमट हवेत फोम सडतो, मग तुम्ही स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा. आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळात जून ते सप्टेंबर कपाटातली पुस्तकंसुद्धा बुरसतात, तिथे फोम किती टिकणार? एकदा नवी कड चिकटवून घेतली होती. या खेपेला आतली कॉइलच घासायला लागली होती. डग्ग्यावर थाप पडली की खर्र.

मी गाणं शिकवते. घरी संध्याकाळी सहा-सात मुली येतात, त्यांना जुनं ध्वनिमुद्रण ऐकवणं हा शिकवणीचा अर्धा भाग. म्हणून ठरवलं, यंदा बांगड्या नकोत, स्पीकर घेऊ. ह्यांचा एकच प्रश्न होता, "अगं, मोबाइलवर ऐकू येत नाही का?" मी उत्तर दिलं नाही.

पहिल्या दुकानातला अनुभव सांगायलाच हवा. पैसे माझे, ऐकणार मी, पण विक्रेता तासभर "सर, बघा ना सर" करत ह्यांच्याशीच बोलत होता. त्याने काचेच्या खोलीत बसवून ड्रमचा एक दणदणाट लावला. मी म्हटलं, नुसता तानपुरा ऐकवा. तो हसला. आम्ही उठलो.

दुसऱ्या दुकानदाराने दोन जोड्या दोन-दोन दिवसांसाठी घरी पाठवल्या. एक केईएफ एलएस50 मेटा, दुसरी व्हार्फडेल लिंटन. दोन्ही मूळच्या इंग्लंडमधल्या कंपन्या, दोन्हींची किंमत लाखापलीकडे. बाकी साम्य काही नाही. केईएफ फूटभर उंचीचा, पावणेआठ किलोचा. लिंटन अठरा किलोंहून जड, वर अक्रोडी लाकडाचा पातळ थर, दिसायला आजोबांच्या रेडिओचा थोरला भाऊ.

केईएफ लावला, पाच तारांचा तानपुरा सोडला आणि मी सरळ होऊन बसले. जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, दिसावी तशी ऐकू आली. दोऱ्याला स्पर्श करून तार उठते, मग स्वरांची ती झिरमिर पसरत जाते, तो सगळा प्रवास स्वच्छ. त्याचं कारण रचनेत आहे. त्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक स्वर काढणारा भाग, वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असल्याने सगळा आवाज एकाच बिंदूतून निघतो. मग गायिका किशोरी आमोणकर लावल्या, तर किशोरीताई दोन स्पीकरच्या मध्ये, बोट दाखवून सांगावं इतक्या नेमक्या जागी बसलेल्या. माझी पट्टी काळी चार, तिचा खर्ज 104 हर्ट्झच्या आसपास. कंपनी 79 हर्ट्झपासून वर समतोल आवाजाचा आकडा देते, तेव्हा तिथेही काही कमी पडलं नाही. रात्री मनातल्या मनात मी तोच घेऊन मोकळी झाले होते.

सकाळी मुली आल्या, खोली भरली आणि हिशेब बदलला. आमची ओसरीमागची खोली बावीस फूट लांब, वर थेट कौलं, त्याखाली माळा नाही. मी बसते बारा फुटांवर. अॅम्प्लिफायर जुनाच, चाळीस वॅटचा. संवेदनशीलता म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते; केईएफची 85 डेसिबल, लिंटनची 90. कागदावर पाचाचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्याच आवाजासाठी केईएफला तिपटीहून जास्त ताकद पुरवावी लागते. बटण फिरवत गेले तसा माझा अॅम्प्लिफायर धापा टाकू लागला. दोष स्पीकरचा नव्हे, माझ्या जोडणीचा. खोली दहा बाय बाराची असती तर हा लेख इथेच संपला असता.

लिंटनवर जवारी थोडी जाड वाटली, खोटं कशाला बोलू. तानपुऱ्याच्या चार हात मागे सरकून बसल्यासारखं. पण विलंबितात डग्ग्यावर मनगट सरकलं आणि तो घुमारा खोलीच्या टोकापर्यंत अंगाने आला! आठ इंची वूफर आहे तो, आकडा खाली 40 हर्ट्झपर्यंत जातो. मग गायिका केसरबाई केरकर लावल्या. त्यांचं गाव केरी आमच्याच तालुक्यातलं. साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्या उघडपणाने दाखवणाऱ्या स्पीकरवर खरखरीसकट येतात. इथे खरखर मागे राहिली आणि आवाजाचा तो गोल, भरीव गाभा पुढे आला. शेवटच्या रांगेतली, एरवी पेंगणारी मुलगी म्हणाली, "बाई, परत लावा."

लिंटन ठेवले. सोबतच्या स्टँडमध्ये तबकड्या ठेवायला जागा असते, ती माझी लगेच भरली.

आता आठ महिने झाले. सुरुवातीला ते भिंतीला वीतभरावर होते आणि डग्ग्याचा नगारा झाला होता. मागच्या बाजूला दोन पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी भोकं, आहेत, त्यांना मोकळी हवा लागते. दोन फूट पुढे ओढले तेव्हा ताल सुटा झाला. ह्यांना वाटेत स्टँड येतो, रोज एकदा ठेचकाळून कुरकुर करतात. कड रबराची आहे, त्यामुळे पावसाची धास्ती कमी, तरी लाकडावर आठवड्याला कोरडं फडकं फिरवते. वीज कडाडली की आधी अॅम्प्लिफायरचा प्लग काढायचा.

एका गोष्टीची कल्पना मात्र कुठल्याच दुकानदाराने दिली नव्हती. चवथीच्या गडबडीत दहा दिवस स्पीकर बंद राहिले. नंतर लावले तर डावीकडचा बसका. मागे बॅटरी मारून पाहिलं, तर एका पोर्टच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं सुबक घर बांधायला घेतलेलं. बांबूच्या काडीने हळूच सुटं केलं. आता दोन्ही स्पीकरच्या पोर्टांना मच्छरदाणीचे तुकडे ताणून बसवलेत. आवाजात फरक पडलेला मला तरी कळत नाही. कुंभारीण अजून रोज दुपारी येऊन जाळीवर घिरट्या घालून जाते.