शाळेनंतरचं फुटसाल: आठ महिन्यांनी

जूनमध्ये दोन्ही पोरांना शाळेनंतरच्या फुटसालला (छोट्या कोर्टवर पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल) घातलं, तेव्हा वाटलं होतं, गणपतीपर्यंत हौस फिटेल. फेब्रुवारी आला तरी जातायत, म्हणून लिहायला बसले. आम्ही भुसावळचे. आठवड्यातून तीन दिवस, साडेचार ते पावणेसहा, बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टवर. महिना ६०० रुपये.

सुरुवातीला पार विचका होता. मोठ्या मैदानावरचा पाच नंबरचा फुटबॉल आणला होता. सिमेंटवर तो इतका उसळायचा की निम्मा वेळ चेंडू आणण्यातच जायचा. एकदा शेजारच्या ओट्यावर निवडत ठेवलेल्या मेथीत जाऊन पडला; त्या माऊलीने दोन दिवस परत दिला नाही. त्यात २२ पोरं एकदमच कोर्टवर. सहावीतली लेक रोज घरी येऊन सांगायची, "आज चेंडूला तीनदाच पाय लागला." दिवाळीपर्यंत ११ जण उरले. आम्ही पालकांनी दोष दिला मोबाइलला आणि ट्यूशनला. मीही त्यातलीच.

दिवाळीनंतर नवे सर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी चार नंबरचा फुटसालचा चेंडू स्टुलावर उभं राहून दोन मीटरवरून सोडला. पोरांच्या गुडघ्याच्या जरा वर आला आणि बसला. नियमच तसा आहे म्हणे, ५० ते ६५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. मग पाच-पाचच्या टीम, खेळ चालू असतानाच कितीही वेळा बदली. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तिथून किक मारायला चार सेकंद, आणि ते मोजायचं काम बाहेर बसलेल्यांचं. "एक, दोन, तीन, चार!" कोरस रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आता बाहेर बसायलाही भांडतात! एका हाफमध्ये टीमचा सहावा फाउल झाला की समोरच्यांना थेट किक मिळते, तीही मध्ये खेळाडूंची भिंत न लावता. हे कळल्यापासून आमच्या आठवीतल्या चिरंजीवांची धक्काबुक्की बंद.

हा खेळ १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत, वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानी यांनी सुरू केला, तोही बास्केटबॉल कोर्टवर, असं सरांनी सांगितलं. पोरगी घरी येऊन म्हणते, "मम्मी, आपलं कोर्ट ओरिजिनल आहे!" आज १९ जण येतात.

तक्रारी आहेतच. लाइट नाहीत, डिसेंबरमध्ये शेवटची दहा मिनिटं अंधुक उजेडात. बूट सपाट तळाचेच घ्या, स्टडवाले सिमेंटवर घसरतात. आमचे ९०० रुपये गेले. मुली फक्त चार, कारण शाळा सुटली की बाथरूमला कुलूप. तीनदा सांगितलं, किल्ली अजून शिपायाच्याच खिशात.

एप्रिलची फी आत्ताच मागतायत, वेळ तीच. सकाळी साडेसहाची बॅच करा म्हटलं तर "बघू". भुसावळच्या उन्हात साडेचारला त्या सिमेंटवर पाच मिनिटं अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं, लगेच भरते.