इंजिन गरम होतं, तिथेच परत फिरायला हवं होतं

"आत्ताच पेट्रोल भरून आलो," जुनी गाडी विकणारा म्हणाला. बोनेटला हात लावला तर चांगलंच तापलेलं. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, गाडी चालती आहे, उगाच झाकून ठेवलेली नाही. बारा वर्षांची पेट्रोल सेडान, मीटरवर ७८,००० किलोमीटर, आतून चकाचक, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. दहा मिनिटं चालवून पाहिली, लोण्यासारखी चालली. त्याच संध्याकाळी व्यवहार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी थरथरायला लागली. इंजिन मिसिंग करत होतं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नव्हता, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. दोन मिनिटांत सगळं शांत. थंडी असेल, असं मी मनाला समजावलं. (पैसे मोजून झाले की माणूस स्वतःच विकणाऱ्याची वकिली करायला लागतो.) चौथ्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या आठवड्यात लांबच्या रस्त्यावर, पाऊण तास झाला असेल, चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकत थेट लाल पट्टीत गेला.

मेकॅनिकने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाणी किती पिते?" मग गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी माझ्यासमोर चालू केली. एका मिनिटात त्याने माझा हात धरून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर ठेवला. पाइप अजून गार होता, पण दगडासारखा कडक. पाणी तापण्याआधीच एवढा दाब कुठून आला? मग त्याने कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढली. निळं द्रावण बघता बघता पिवळं झालं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत होता. म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं, इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली सील.

मग सगळं जुळलं. गाडी रात्रभर उभी राहिली की कूलंट झिरपून सिलिंडरमध्ये उतरायचं, म्हणून सकाळी मिसिंग आणि धूर. तो थेंबभर जळून गेला की गाडी सुतासारखी सरळ. पुढे बराच वेळ ताण पडला की वायूच्या दाबाने पाणी बाहेर फेकलं जायचं आणि इंजिन तापायचं. दोष दिसायचा तो पहिल्या दोन मिनिटांत, नाहीतर पाऊण तासानंतर. मला चालवायला मिळाली ती मधली दहा मिनिटं. पेट्रोल भरायला तो गेला होता की नाही, देव जाणे. इंजिन तापवायला नक्की गेला होता.

हेड उतरवलं तर ते वाकलेलं निघालं, म्हणजे गाडी आधीही तापली होती. त्याला फेसिंग मारावं लागलं, म्हणजे मशीनवर घासून सपाट करावं लागलं. रेडिएटरच्या तळाशी तपकिरी चिखल होता. गळती बुजवायची पावडर ओतली की असा गाळ साचतो आणि बारीक नळ्या तुंबतात. काम संपलं तेव्हा गाडीच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा वर गेला होता.

टायमिंग बेल्टचं (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या पट्ट्याचं) कव्हर काढल्यावर आणखी एक गंमत दिसली. आतल्या बाजूला जुना स्टिकर होता, बेल्ट बदलल्याची नोंद, बॉलपेनने लिहिलेला आकडा: १,१२,४००. आणि मीटर सांगत होतं ७८,०००. खरं तर ब्रेकच्या पॅडलचं रबर कडेला झिजून गुळगुळीत झालेलं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, स्टिअरिंगवरची चकाकीही. पाहिलं आणि सोडून दिलं.

दिव्याचं कोडं मेकॅनिकने सोडवलं. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे जुने कोड पुसले की दिवा विझतो, पण दोष तिथेच राहतो, म्हणून काही दिवसांत परत लागतो. ओबीडी-२ (गाडीची स्वतःचे दोष तपासायची यंत्रणा) असलेल्या गाडीत स्कॅनरवर हेही दिसतं की गाडीने आपल्या अंतर्गत तपासण्या पूर्ण केल्यात की नाही. बऱ्याचशा अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, असं समजा. आणि नुसती किल्ली फिरवल्यावर इंजिन, एबीएस, एअरबॅगचे दिवे आधी लागायलाच हवेत. लागलेच नाहीत तर तो दिवा गेलाय, नाहीतर कोणीतरी बंद केलाय.

म्हणून सांगतो, जुनी गाडी बघायला जाताना इंजिन गार ठेवायला आधी बजावा आणि पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिनावरच कूलंटचं झाकण उघडून रंग बघा; गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस आहे का बघा. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा फेस धरतो, पण कूलंट कमी होत असेल आणि फेसही असेल तर तिथून निघा. मग चालवायला घ्या, किमान पाऊण तास, चढावर, एसी लावून. ऑटोमॅटिक असेल तर थांबलेल्या गाडीत ब्रेक दाबून रिव्हर्स टाका आणि गिअर पकडायला किती वेळ लागतो ते मोजा.

विकणाऱ्याला मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "कागदावर लिहिलंय ना, जशी आहे तशी?" लिहिलं होतं. खाली सही माझीच.

गेल्या महिन्यात मित्राला अशीच एक सेडान पसंत पडली. मी त्याला फोनवर एवढंच विचारायला लावलं, "उद्या सकाळी सातला आलो तर चालेल? तोवर गाडी चालू करू नका." पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग उत्तर आलं, "सकाळी नको, दुपारी या. मी काढून ठेवतो बाहेर."

आम्ही गेलो नाही.