मायकोरायझा पावडर: अकरा महिने आणि ड्रीपचा फिल्टर

मायकोरायझा म्हणजे मुळांत राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देणारी बुरशी. तिच्या पावडरीच्या पुड्यावर ठळक छापलंय, ‘पाण्यात विरघळणारी’. विरघळत नाही. अकरा महिन्यांत तीनदा ड्रीपमधून सोडली आणि तिन्ही वेळा फिल्टर चोंदला. कंपनीला फोन केला तर म्हणे, फडक्यातून गाळून घ्या. अहो, गाळून काय घ्या! बीजाणू बारीक असतात, ते जातीलही जाळीतून. पण या पावडरीत बुरशी भरलेल्या मुळांचे तुकडेही असतात आणि लागण त्यांच्यापासूनही होते. ते सगळे फडक्यात अडकणार, म्हणजे पैसे मोजून आणलेला माल मी बांधावर झटकायचा.

पहिले चार महिने माझं मत सरळ होतं: फसवणूक. नव्या पपईत फरक शून्य. मग आपलंच चुकल्याचं ध्यानात आलं. लागवडीच्या वेळी सवयीने खड्ड्यात डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खत टाकलं होतं आणि रोपं मान टाकतील या भीतीने दहा दिवसांत कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही केली होती, म्हणजे ते मुळाशी ओतलं होतं. स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडता घेतं, आणि उरलीसुरली बुरशी आळवणीने मारली. पुड्यावर याबद्दल अवाक्षर नाही. पिकांच्या यादीत मात्र कोबी आणि मोहरी! त्या कुळाच्या मुळांत ही बुरशी नांदतच नाही.

जुन्या पेरूच्या बागेत वेगळाच प्रकार. तिथे तीन वर्षं रोटाव्हेटर (माती घुसळणारं ट्रॅक्टरचं अवजार) घातलेला नाही. तत्त्व वगैरे काही नाही, डिझेल वाचवायचं होतं. गवत कापून तिथेच पाडतो. त्यातली एक ओळ मुद्दाम पावडरीविना ठेवली होती. भाचीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे, म्हणून सगळीकडची पांढरी मुळी तिच्याकडे नेली. तिने मुळ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून फिकट केल्या (मला हात लावू दिला नाही, कातडी जाळतं ते), आणि मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची काळी शाई घालून रंगवल्या. भिंगाखाली मुळीच्या पेशीपेशीत बुरशीची इवली झुडपं दिसली, मधेमधे अंड्यासारख्या पिशव्या. पावडर दिलेली ओळ तशीच आणि न दिलेली ओळही तशीच! पपईच्या मुळीत मात्र कुठेतरी एखादा डाग.

म्हणजे पेरूत बुरशी आधीपासूनच होती, मी उगाच वर पावडर ओतत होतो. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. मुळी आपल्याभोवतीचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधलं संपवून बसते. बुरशीचे धागे त्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन ते आणतात. रोटाव्हेटरच्या एका फेरीत ते जाळं तुटतं. शिवाय ही काही ट्रायकोडर्मासारखी कुजक्या मालावर वाढणारी बुरशी नव्हे, की शेणखतात मिसळली आणि वाढली. हिला जिवंत मूळ लागतं. तण काढून जमीन आरशासारखी लख्ख ठेवली, तर दोन हंगामांच्या मधे ही जगणार कशावर?

आणि ‘सेंद्रिय आहे’ म्हटलं की झालं, असंही नाही. एका मित्राच्या सेंद्रिय बागेतली मुळीही नेली होती. तो दर पंधरवड्याला खुरपणी करून माती उघडी पाडतो आणि बुंध्याशी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक द्रावण) ओततो. त्यातलं तांबं मातीत साठत जातं. त्याची मुळी माझ्या पपईइतकीच रिकामी निघाली. चारच झाडांची मुळी होती, त्यामुळे यावर वाद घालणार नाही. तो मात्र अजून घालतोय.

उरलेला अर्धा पुडा आता रोपवाटिकेच्या पिशव्यांत संपवतोय. रोप लावताना मुळाला चिकटेल अशी चिमूटभर, डीएपी नाही, आळवणी नाही. तिथली रोपं खरंच उजवी दिसतात, पिशवी फाडली की जारवा (बारीक मुळ्यांचं जाळं) दाट. तेवढ्यासाठी रेटिंगमध्ये एक तारा वाढवला असता. पण पुडा एकदा उघडला की बंद करायला साधी झिप नाही. रबर लावून ठेवलाय, आणि वरच्या थराचे ओल लागून खडे झालेत. ते तर फडक्यातूनही जाणार नाहीत.