गरम पाण्यातले काळे कण आणि दोन सळयांची चाचणी

बेसिनच्या गरम पाण्यात काळे कण दिसू लागले म्हणून मी पाणी तपासणारा माणूस बोलावला आणि त्याने मला पुरते लुबाडले. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, हातात छापील अर्ज होता. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

त्याने पेल्यात विजेच्या दोन सळया बुडवल्या आणि पाहता पाहता पाणी तपकिरी होऊन तळाशी चिखल साचला, तर शेजारचे आरओचे पाणी जवळजवळ तसेच राहिले. तो चिखल पाण्यातला नव्हताच. विजेमुळे सळईचे लोखंडच झिजून पाण्यात उतरते, आणि आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने त्यातून वीज फारशी वाहत नाही. कोणी घरात अशा सळया काढल्या, तर त्याला तिथेच थांबवा.

पण सर्वांत जास्त संताप येतो तो याचा, की पेल्यातले पाणी त्याने गार नळाचे घेतले होते. गार पाणी नितळ आहे, कण फक्त गरम पाण्यात आणि तेही एकाच नळाला येतात, हे मी त्याला स्पष्ट सांगितले होते. तो म्हणाला तशी गरम पाण्याची टाकी गंजली असती, तर न्हाणीघरातल्या गरम पाण्यातही कण आले असते. लबाडी डोळ्यांसमोर उघडी पडली होती, परंतु चिखल पाहून धास्तावलेल्या माणसाला नळ कोणता हे कुठून सुचणार?

नवी टाकी आणि सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र, यांसाठी त्याने ६० टक्के रक्कम आगाऊ घेतली, उरलेली ४० टक्के काम संपताच रोख घेतली, आणि पावती दिली ती फक्त पहिल्या ६० टक्क्यांची. कण येतच राहिले.

खरा दोष बेसिनखालच्या, स्टीलची जाळी असलेल्या लवचिक नळीत होता. तिच्या आतले रबर गरम पाण्याने आणि क्लोरीनने कुजले होते. असे कण बोटांत चोळले की काजळीसारखा डाग पडतो. नळी बदलताच कण थांबले. पांढरे कण व्हिनेगरमध्ये फसफसून विरघळले तर ते क्षारांचे असतात. न विरघळता तरंगले तर प्लास्टिकचे, बहुधा टाकीत गार पाणी तळापर्यंत नेणाऱ्या नळीचे. काळे कण लोहचुंबकाकडे ओढले गेले तर गंजाचा संशय घ्यावा. यांपैकी एकही गोष्ट त्याने करून पाहिली नाही.

पाणीपुरवठा कार्यालयाने मीटरच्या पुढचे पाणी आमचे नाही म्हणून हात झटकले. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्जसुद्धा घेतला नाही. ग्राहक तक्रार कक्षाने रोख दिलेल्या ४० टक्क्यांचा पुरावा मागितला, आणि पुरावा नाही म्हणताच उरलेल्या ६० टक्क्यांची तक्रारही बाजूला ठेवली. ज्याने पावतीच दिली नाही त्याला जाब विचारण्याऐवजी जिला ती मिळाली नाही तिचीच उलटतपासणी होत असेल, तर हा कक्ष कोणासाठी उघडला आहे? पावती हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.

जुनी टाकी तो भंगार म्हणून त्याच दिवशी घेऊन गेला. ती गंजलेली नव्हती हे दाखवायला आज माझ्याकडे काहीही नाही. काढलेला कोणताही भाग, दोष सिद्ध होईपर्यंत, घराबाहेर जाऊ देऊ नका.